‘हवा बदला’ असे सांगण्यापूर्वी

आषाढ लागला की उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या आपल्या व्यवसायबंधूंच्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. तमकश्वासाच्या जुन्या रुग्णाने आदली रात्र बसून काढलेली असते. आमवाताने बोटे आखडलेल्या गृहिणीला सकाळी चहाचा कपही धरवत नाही. नाडी पाहून झाली, औषध लिहून झाले की मग हळूच प्रश्न येतो, “डॉक्टर, इथली हवाच मला मानवत नाही. भाऊ गुजरातेत आहे. तिकडची हवा गरम आणि कोरडी. कायमचे तिकडेच जाऊन राहिले तर?”

या प्रश्नाचे उत्तर आपण फार सहज देतो. पुढचा रुग्ण दाराशी उभा असतो. “जाऊन पाहा, हवा बदलली की बरे वाटेल,” एवढे म्हणून आपण मोकळे होतो. औषधाची मात्रा ठरवताना गुंजेचा विचार करणारे आपण, ज्या वाक्यावर माणूस राहते घर विकतो ते वाक्य मात्र तोलत नाही. हे मी इतरांना उद्देशून लिहीत नाही, तो दोष माझ्याकडून घडला आहे.

सन २०१४ मध्ये उल्हासनगरच्या कॅम्प चारमधील एक गृहस्थ माझ्याकडे येत असत. वय अठ्ठावन्न, सिंधी, कापडाचे लहान दुकान, बारा वर्षांचा तमकश्वास. दर पावसाळ्यात दोन-तीन वेळा रुग्णालयात नेऊन वाफारा द्यावा लागे. त्यांचे मेहुणे कच्छमध्ये आदिपूर येथे होते. ‘जाऊ का?’ असे त्यांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, “अवश्य जा. तुमच्या वाडवडिलांचा देशच तसा कोरडा, तो तुम्हाला मानवेल.” त्यांनी बरॅकमधील दोन खोल्या व दुकानाचा गाळा विकला आणि दिवाळीनंतर ते गेले.

पहिला पावसाळा उत्तम गेला. दूरध्वनीवर त्यांचा आवाज ऐकून मला स्वतःच्या सल्ल्याचा अभिमानही वाटला. औषधे इथूनच जात होती. श्वासकुठार, मधातून त्रिकटु आणि रात्री लसूणसिद्ध दूध ही योजना इथल्या भाद्रपदात मी ठरवली होती, तीच चालू राहिली. ज्या औषधालयातून ती जात, तेथे जुनी चिठ्ठी दाखवली की दोन महिन्यांचे पार्सल तयार होई. ना औषधालयाने मला विचारले, ना मी त्यांना. सन २०१६ चा वैशाख आला. त्या मे महिन्यात राजस्थानातील फलोदी येथे ५१ अंश तापमान नोंदले गेले आणि अहमदाबादने ४८ अंश पाहिले. आमचे रुग्ण तेव्हा नाकातून रक्त येते, लघवीला आग होते, अन्न वर येते म्हणून तळमळत होते. तपासणीत मूत्राश्मरीही आढळली. श्वास बरा होता, पण रुग्ण बरा नव्हता. त्याच वर्षी ते परतले. विकलेल्या खोल्या त्या किमतीत पुन्हा मिळणे शक्य नव्हते, म्हणून कॅम्प पाचमध्ये भाड्याने राहिले. त्यांनी मला बोल लावला नाही. एवढेच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, छाती मोकळी झाली, पण दुकान गेले.”

चूक कोठे झाली, याचा शोध मी नंतर ग्रंथांत घेतला आणि तो आपल्या सर्वांच्या परिचयाच्या पानांवरच सापडला.

ग्रंथकार काय सांगतात

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात जांगल, आनूप व साधारण असे तीन देश वर्णिले आहेत. आनूप देश नद्या व समुद्राच्या काठचा, दाट झाडीचा, गार वाऱ्याचा, कफ-वातप्रधान. जांगल देश मोकळ्या आकाशाचा, कोरड्या वाऱ्याचा, विरळ पाण्याचा. तो वात-पित्तप्रधान होय. वाग्भटांनी जांगलास वातप्रधान म्हटले, आणि घाईत आपण तेवढेच लक्षात ठेवतो. चरकोक्त पित्ताचा उल्लेख मी विसरलो, आणि तो विसर रुग्णाच्या नाकातून वाहिला. कफ-वाताच्या देशासाठी योजलेली तीक्ष्णोष्ण औषधे वात-पित्ताच्या देशात, तीही ग्रीष्मात, चालू ठेवणे हे ऊर्ध्वग रक्तपित्ताला आमंत्रणच होते. वासा ही तेथे श्वासालाही चालली असती व रक्तालाही. हे सुचायला मला दोन वर्षे लागली.

सुश्रुत सूत्रस्थानाच्या पस्तिसाव्या अध्यायात याच विषयावर दोन विधाने लागोपाठ आली आहेत. एका देशात साठलेले दोष दुसऱ्या देशात प्रकुपित झाले तर ते तितके बलवान राहत नाहीत, हे पहिले. देशांतर करणाऱ्यास यात आधार आहे. आहार, निद्रा, हालचाल ही त्या-त्या देशाच्या गुणांना अनुसरून ठेवणाऱ्यास देशापासून भय नाही, हे दुसरे. यात न जाणाऱ्यासही आधार आहे. दोन्ही विधाने ज्याने एकत्र वाचली तो वैद्य रुग्णास ‘जा’ असेही चटकन म्हणणार नाही आणि ‘जाऊ नका’ असेही नाही. आपला रुग्ण इथे राहून इथल्या देशाप्रमाणे वागतो आहे का, हे तो आधी पाहील. आणि जाणार असेल तर तिकडे गेल्यावर तिकडच्याप्रमाणे वागेल का, हेही विचारील.

आपली उल्हास नदीची दरी खरोखर आनूप आहे का, हाही प्रश्न आहे. पावसाळ्यात तिच्याविषयी शंका घेण्यास जागा नाही. २६ जुलै २००५ चा पूर आणि जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात अडकून पडलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस आपण विसरलेलो नाही. परंतु हीच दरी चैत्र-वैशाखात तापते. समुद्राचा वारा इथवर पोहोचेपर्यंत थकतो, आणि स्थानिक हवामान निरीक्षकांच्या वहीत बदलापूरचा पारा ४२ अंशांपुढे गेल्याच्या नोंदी आहेत. पौषात पुन्हा मुंबईपेक्षा आपल्याकडे गारठा अधिक. डोंगरांवर खैर आहे, धावडा आहे, आणि ही झाडे तर चरकांनी जांगल देशाच्या यादीत घातलेली. तेव्हा रुग्ण ‘गरम प्रदेश’ म्हणतो तेव्हा त्याला उष्णता नको असते. ती त्याला इथेही भरपूर मिळते. त्याला हवा असतो कोरडेपणा. शब्दाच्या या गोंधळातून पुष्कळदा चुकीचे गाव निवडले जाते. समुद्रकाठचे एखादे शहर उष्ण म्हणून निवडावे आणि तेथे आपल्याइतकाच दमटपणा असावा, असे घडलेले मी पाहिले आहे.

आधुनिक संशोधनही येथे उपयोगी पडते. हवामान व सांधेदुखी यांचा संबंध शोधण्यासाठी इंग्लंडमध्ये २,६५८ रुग्णांनी भ्रमणध्वनीवर रोजची वेदना नोंदवली आणि २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हवेतील दमटपणा वाढणे, वायुदाब उतरणे व वारा सुटणे यांच्याशी वेदनेचा संबंध दिसला. तो माफकच होता, आणि तापमानाचा स्वतंत्र संबंध दिसला नाही. तमकश्वास मेघ, पाऊस, गारवा व पूर्वेकडील वारा यांनी वाढतो असे चरकांनी चिकित्सास्थानात नोंदवलेले आहे. त्यांनी चार कारणे मोजली, आपण त्यांतील एक गारवाच धरून बसतो.

एका नगराचे देशांतर

आपल्या भागात या विषयावर बोलताना १९४७ चा उल्लेख टाळता येत नाही. ज्या सिंधमध्ये वर्षाला २०० मिलीमीटरही पाऊस पडत नाही, जिथे हैदराबादच्या घरांच्या छपरांवर वारा खाली खेचणारे ‘मंघ’ बांधलेले असत, तेथील सुमारे एक लाख माणसे फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. सैनिकांसाठी बांधलेल्या बरॅकी आणि पावसाळ्यात अडीच हजार मिलीमीटरच्या घरातला पाऊस, असा जांगलातून आनूपात झालेला हा सामूहिक प्रवास होता.

त्याच सुमारास, १९४८ मध्ये, भाई प्रताप डियालदास यांच्या पुढाकाराने सिंधु रिसेटलमेंट कॉर्पोरेशनने कच्छच्या महारावांनी दिलेल्या सुमारे १५,००० एकर जमिनीवर गांधीधाम व आदिपूर वसवण्यास आरंभ केला. एकाच समाजाची एक शाखा सिंधसारख्याच देशात गेली, दुसरी अगदी विपरीत देशात. दोन्ही नगरांतील तिसऱ्या पिढीच्या प्रकृतीचा व व्याधींचा तुलनात्मक अभ्यास आपल्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने हाती घ्यावा, असे मला फार दिवसांपासून वाटते. अशी संधी पुन्हा मिळणार नाही.

चरक विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात सैंधव व सौवीर लोक दुधाबरोबरही मीठ खातात असे म्हणून अतिलवणाचे दुष्परिणाम सांगितले आहेत. चिकित्सास्थानाच्या शेवटी त्याच सैंधवांना दूध सात्म्य असल्याचेही नमूद आहे. उल्हासनगरात दवाखाना असलेल्या वैद्याला हे वाचताना हसू आल्याशिवाय राहत नाही, कारण जेवणानंतरचा पापड, लोणचे, तळलेला पक्वान आणि दूध-तुपाचा हात ही सर्व मंडळी आजही त्याच घरांत नांदत आहेत. दोन हजार वर्षे जुनी टिप्पणी कॅम्प तीनच्या स्वयंपाकघरात खरी ठरते. गंमत सोडली तरी मुद्दा राहतो. ज्या आहाराला सिंधच्या कोरड्या हवेत अग्नीची साथ होती, तोच आहार आपल्या श्रावणातल्या मंद अग्नीवर पडतो. देश बदलला, ताट बदलले नाही. सुश्रुतांच्या दुसऱ्या विधानाचा भंग तेथेच होतो. माझ्या त्या रुग्णाला कच्छला पाठवण्यापूर्वी मी चातुर्मासात रात्रीचे दही, तळलेले व जड गव्हाचे पदार्थ कसोशीने बंद करून पाहिले होते का? नव्हते. इथला उपाय संपण्यापूर्वीच मी तिकडचा रस्ता दाखवला.

उलट बाजूही तशीच आहे. आगरी-कोळी घरातील भात-मासळीवर वाढलेला माणूस मारवाडात बाजरी व मिरचीवर गेला तर त्याचे काय होईल, हेही आपण सांगितले पाहिजे. सात्म्य सोडणे व धरणे हे चरकांनी सांगितल्याप्रमाणे पादांशाने, हळूहळू व्हावे. रेल्वेचे तिकीट ते एका रात्रीत करायला लावते.

दोष देशाचा की खोलीचा?

जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात वायू, उदक, देश व काल ही चतुष्टयी उत्तरोत्तर टाळण्यास अवघड सांगितली आहे. वारा अडवता येतो, पाणी बदलता येते, देश सोडणे कठीण, काळ तर कोणालाच सोडता येत नाही. मी आता हाच क्रम प्रश्नोत्तरासाठी वापरतो. अंबरनाथचा रुग्ण ‘इथली हवा’ म्हणतो तेव्हा ती औद्योगिक वसाहतीच्या बाजूने येणारी रासायनिक वासाची हवा आहे, की दरीची स्वाभाविक हवा? वालधुनीच्या काठचे घर आहे का? बदलापूर पश्चिमेला नदीकडील सखल भागात तळमजल्यावर राहतो का? भिंतीला ओल चढते का, कपाटामागे बुरशी आहे का? अशा रुग्णांपैकी कित्येकांचा देश निर्दोष असतो, खोलीच दुष्ट असते. तळमजला सोडून त्याच गावात तिसऱ्या मजल्यावर, पूर्व-पश्चिम वारा खेळेल अशा जागी गेलेल्या एका शिक्षिकेचा श्वास एका पावसाळ्यात निम्म्याने उतरला. तिला राजस्थानात धाडण्याची तयारी झाली होती.

राजस्थान म्हटले की पाण्याचाही विचार हवा. नागौरसारख्या जिल्ह्यांत भूजलातील फ्लोराइडमुळे सांधे व कणा ताठरण्याचा विकार सुपरिचित आहे. सांधेदुखी घालवण्यासाठी कूपनलिकेचे असे पाणी पिण्यास जाणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. कच्छच्या बऱ्याच भागांत भूजल खारट आहे, आणि तेथे वेड्या बाभळीचे रान माजले आहे. तिचे पराग श्वासाच्या रुग्णाला त्रास देऊ शकतात. अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटात दम्याचे रुग्ण पूर्वी मोठ्या संख्येने जात. त्यांच्यामागून हिरवळ गेली, तुतीची झाडे गेली, आणि परागांचा उपद्रव इतका वाढला की टूसॉन परिसरात १९८०च्या दशकात तुतीच्या विक्रीवर बंदी घालण्याची वेळ आली. माणूस आपला देश पाठीवर घेऊनच हिंडतो.

वृद्धांच्या बाबतीत उष्णतेचे भय स्वतंत्र लक्षात घ्यावे. अहमदाबादेत मे २०१० मधील लाटेत नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा आखला. रक्तदाबाच्या मूत्रल गोळ्या घेणारा सत्तरीचा रुग्ण तिकडे जात असेल, तर त्याच्या मूळ डॉक्टरांशी बोलल्यावाचून होकार देऊ नये.

हवापालटाचा इतिहास आपल्या बाजूने आहे असे काही ज्येष्ठ बंधू म्हणतात. पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम काढले, मिरजेची कोरडी हवा प्रसिद्ध होती, हे खरे. परंतु मद्रास येथील क्षयरोग केंद्राने आरोग्यधामातील व घरी राहिलेल्या रुग्णांची तुलना करून १९५९ मध्ये दाखवून दिले की औषध नीट घेतले तर गरिबाच्या खोलीतही रुग्ण तितकाच बरा होतो. श्वास व आमवात हे निराळे व्याधी आहेत, त्यांत हवेचा वाटा मोठा आहे, हे मान्य. तरीही चिकित्सेची उणीव हवेच्या माथी मारली जात नाही ना, हे प्रत्येक वेळी तपासावे.

घाट ओलांडला की

इतके लिहूनही जावयाचेच असेल तर? काही रुग्णांना खरोखर जावे लागते, आणि त्यांना अडवणेही पाप आहे. पण त्यासाठी राज्य बदलावे लागतेच असे नाही. सह्याद्रीच्या पलीकडच्या पठाराला मराठी माणूस ‘देश’च म्हणतो. कल्याणहून मुरबाड, माळशेज, ओतूर, आळेफाटा या मार्गाने एस.टी.त बसावे. माळशेजला धबधबे अंगावर येतात, आणि पुढे पारनेरच्या बाजूला त्याच दिवशी धूळ उडत असते. पर्जन्यछायेतील त्या पट्ट्यात वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या चौथा-पाचवा हिस्सा. जांगल देश आपल्यापासून एका दिवसाच्या अंतरावर आहे. भाषा तीच, भाकरी ओळखीची, आणि मुलाला रविवारी भेटून परत येता येते.

म्हणून माझा अलीकडील परिपाठ असा आहे. प्रथम एक चातुर्मास इथेच, पथ्य, दीपन-पाचन व योग्य काळी शोधन यांसह काढावा, आणि घरातील ओल दूर करावी. त्याने भागले नाही तर पुढील आषाढ ते आश्विन नातलगाकडे वा भाड्याच्या खोलीत घाटावर जाऊन पाहावे. कायमच्या स्थलांतराचा विचार त्यानंतर, आणि ज्या गावी जायचे त्या गावाचा वैशाख प्रत्यक्ष सोसून झाल्यावरच. तोपर्यंत इथले घर विकू नये. ही एक अट मी रुग्णपत्रिकेवर शाईने लिहितो व रुग्णाच्या मुलालाही वाचून दाखवतो. आधुनिक डॉक्टरांनी दिलेला इनहेलर कोरड्या हवेत बरे वाटले म्हणून आपल्या मनाने सोडू नये, हेही त्याच ओळीत असते.

औषधालयाच्या मालकांना एक विनंती. बाहेरगावी पार्सल पाठवताना रुग्ण कोठे आहे व कोणता ऋतू चालू आहे, एवढे दोन प्रश्न विचारावेत आणि चिठ्ठी सहा महिन्यांहून जुनी असल्यास वैद्याला दूरध्वनी करावा. वत्सनाभयुक्त कल्प अनुसूची ई(१) मध्ये आहेत, वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना त्यांच्या लेबलवर असते. देखरेख करणारा तीन-चारशे कोसांवर असेल तर त्या सूचनेला अर्थ काय? साठवणीचाही फरक पडतो. आपल्याकडे श्रावणात लवणभास्कराचा खडा होतो, क्षारांना पाणी सुटते, गुग्गुळाच्या गोळ्या एकमेकींना चिकटतात. तिकडे हे होणार नाही, मात्र पत्र्याच्या खोलीत वैशाखात आसव-अरिष्टांच्या बाटल्यांचे काय होते ते पार्सल उघडणाऱ्याला विचारावे. चूर्णाचे वीर्य शार्ङ्गधरांनी दोन महिनेच मानले आहे, तेव्हा वर्षाचे चूर्ण एकदम बांधून देऊ नये.

ते गृहस्थ अजूनही माझ्याकडे येतात. आषाढी एकादशीच्या आधी पारनेरजवळ एका ओळखीच्या कापड-व्यापाऱ्याच्या मळ्यातील खोलीत जातात, दसऱ्याला परततात. औषधालयातून त्यांना दोन पुडकी मिळतात. एकावर ‘घाटावर’ असे लिहिलेले असते, दुसऱ्यावर ‘कॅम्प पाच’. अक्षर माझे असते.